तळटीप : पुन्हा अंक १

* रीलाँचमध्ये मासिकाचा क्रमांक १ पासून सुरू होतो, कथा मात्र पुढे चालू राहते. २०१२ च्या ‘मार्व्हल नाऊ!’मध्ये तेच झाले. रीबूटमध्ये पात्रांचा पूर्वेतिहासच बदलतो. सप्टेंबर २०११ मध्ये डीसीने ‘न्यू ५२’ या नावाखाली ५२ मासिके अंक १ पासून काढली. त्यांत १९३८ पासून चालत आलेले ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’सुद्धा होते. सुपरमॅन आणि लोइस लेन यांचे १९९६ मधले लग्न त्यात पुसले गेले. वाचकांनी पंधरा वर्षे जपलेले नाते असे काढून घेणे प्रस्तुत संपादकाला अन्यायाचे वाटते. बॅटमॅनचा भूतकाळ मात्र बराचसा तसाच ठेवला, त्यामुळे कालक्रम जुळेना. २०१६ च्या ‘रीबर्थ’मध्ये ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’ जुन्या क्रमांकावर परतले : अंक ९५७. — संपा.