नाकाचं ऑपरेशन केल्याने श्वास मोकळा होतो का?

भाईंदर पश्चिमेला एका बाजूला खाडी, दुसरीकडे मिठागरं. पावसाळ्यात घराच्या भिंतींना ओल येते, बुरशी धरते, आणि उरलेले महिने बांधकामाची धूळ. त्यामुळे नाक चोंदणं हे आपल्याकडे आजार म्हणून धरलंच जात नाही. मेडिकलमधून ड्रॉप आणायचे आणि झोपायचं. काहींचं असं वर्षानुवर्षं चालतं. मग कुणीतरी सांगतं, "नाकाचं हाड वाढलंय, ऑपरेशन करून टाका."

'हाड वाढलंय' हा शब्द आपल्याकडे सरसकट वापरतात, पण बहुतेक वेळा काही वाढलेलं नसतं. दोन नाकपुड्यांच्या मध्ये एक पडदा असतो, पुढे कूर्चेचा आणि मागे हाडाचा. तो थोडाफार वाकडा बहुतेकांचा असतो आणि त्याने काही बिघडत नाही. फार वाकला, जन्मापासून किंवा लहानपणी मार लागून, तर एका बाजूची वाट अरुंद होते. तो सरळ करण्याच्या ऑपरेशनला सेप्टोप्लास्टी म्हणतात. ते नाकाच्या आतूनच होतं, बाहेर टाका किंवा व्रण दिसत नाही. बहुतेक पेशंट त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी येतात. आत पट्ट्या बसवल्या असतील तर त्या साधारण आठवड्याभराने काढतात. सूज पूर्ण उतरायला मात्र काही आठवडे जातात, म्हणून चार दिवसांत "फरकच नाही" असं म्हणू नये.

खरा प्रश्न हा, की नाक कशामुळे बंद आहे. घरीही थोडा अंदाज येतो. कायम एकच बाजू बंद असेल तर पडद्याचा संशय घ्यावा. कधी डावी, कधी उजवी अशी बाजू बदलत असेल तर ती बहुधा आतल्या मांसल भागांची, म्हणजे टर्बिनेटची सूज असते. दर काही तासांनी एक बाजू थोडी बंद होणं हे तर निरोगी नाकातही चालतं. सोबत शिंका, खाज, पाण्यासारखी सर्दी असेल तर ॲलर्जी. ॲलर्जी ऑपरेशनने जात नाही. तिला रोजचा स्प्रे, मिठाच्या पाण्याने नाक धुणं आणि घरातली ओल कमी करणं हेच उपाय. गालाची कातडी बोटाने बाहेर ओढल्यावर श्वास एकदम मोकळा होत असेल, तर अडचण नाकपुडीच्या आतल्या अरुंद भागात असू शकते. तिथे नुसता पडदा सरळ करून भागत नाही. सायनसमधून मांसाचे घोस, म्हणजे पॉलिप, आले असतील तर दुर्बिणीतून काढतात. ते पुन्हा येऊ शकतात, म्हणून नंतरही स्प्रे चालू ठेवावा लागतो.

ते झटपट नाक उघडणारे ड्रॉप चार-पाच दिवसांपलीकडे वापरू नयेत. नंतर त्यांच्यामुळेच नाक बंद राहू लागतं.

लहान मुलांचा विषय वेगळा. मूल तोंड उघडं ठेवून झोपतं, घोरतं, तर बहुतेकदा नाकामागची ॲडिनॉइडची गाठ वाढलेली असते. पडद्याचं ऑपरेशन शक्यतो नाकाची वाढ होईपर्यंत थांबवतात. एकाच नाकपुडीतून घाण वासाचं पाणी येत असेल तर आत मणी किंवा बटण अडकलं आहे का ते आधी बघून घ्या. घड्याळाचा चपटा सेल गेला असेल तर एक तासही थांबू नका. क्रिकेटचा चेंडू नाकावर लागून नाक आतून फुगलं आणि बंद झालं, तरी त्याच दिवशी दाखवा; पडद्यात साकळलेलं रक्त कूर्चा खराब करतं.

"हे जायज आहे का?" असं घरातली मोठी माणसं विचारतात. लढाईत नाक गमावलेल्या हजरत अरफजा यांना नबी करीम सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी सोन्याचं नाक बसवायला सांगितलं, ही हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजीत आहे. उपचार आणि नुसती हौस यांत उलमा फरक करतात. डॉक्टरही करतात: दिसण्यासाठी नाक बारीक केलं तर कधी श्वासाची वाटच अरुंद होते. १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये पुण्याच्या एका ऑपरेशनची हकीकत छापून आली. म्हैसूरच्या लढाईत नाक कापलं गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला कपाळाच्या कातडीचं नाक बसवलं होतं. त्यातही दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालून वाट उघडी ठेवल्याची नोंद आहे.

ऑपरेशननंतर साधारण दोन आठवडे नाक जोरात शिंकरायचं नाही, शिंक तोंड उघडून द्यायची, वाकायचं नाही. सजद्यात डोकं खाली गेल्याने रक्त येऊ शकतं, म्हणून इशाऱ्याने नमाज आणि वुजूत नाकात पाणी घेण्याबद्दल मौलाना साहेबांना आधीच विचारून ठेवा. नाकात औषध टाकल्याने रोजा तुटतो असं बहुतेक उलमा सांगतात, तेव्हा तातडी नसेल तर तारीख रमजानच्या बरीच आधी किंवा ईदनंतर घ्या. रक्तस्राव, पडद्याला भोक पडणं, त्रास तसाच राहणं हे धोके कमी असले तरी आहेत. आणि घोरण्यात श्वास थांबत असेल तर नुसत्या नाकाच्या ऑपरेशनने ते सहसा बरं होत नाही.

खर्चाचं म्हणाल तर भाईंदर पश्चिमेच्या पंडित भीमसेन जोशी रुग्णालयात, म्हणजे टेंभ्याला, आधी चौकशी करा. तिथे सोय झाली नाही तर पार्ल्याचं कूपर किंवा मुंबई सेंट्रलचं नायर, दोन्ही आपल्याच लोकल लाइनवर. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का, हे रेशनकार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राला विचारा. डॉक्टरांनाही एक थेट प्रश्न विचारा: माझं नाक नेमकं कुठे अडलंय, आणि औषधाने किती दिवस बघायचं?