हिममुलखातील हातमोजा

हिमप्रदेशात संचार करणाऱ्या मनुष्याच्या पोषाखाचा इतिहास लिहावयास कोणी बसला, तर टोप, अंगरखा आणि पादत्राण यांना तो जितकी पृष्ठे देईल, त्यांच्या चतुर्थांशही हातमोज्याच्या वाट्याला येणार नाहीत. आणि तरीही ध्रुवप्रदेशातून व उत्तुंग शिखरांवरून परतलेल्यांच्या कैफियती वाचू लागले म्हणजे मोठमोठ्या मोहिमांचे भवितव्य कित्येकदा या क्षुल्लक जिन्नसावर लोंबकळत होते, असे आढळून येते. इतर अवयव झाकून स्वस्थ ठेवता येतात. हाताला मात्र दोराची गाठ सोडावयाची असते, स्टोव्ह पेटवावयाचा असतो, तंबूची खुंटी ठोकावयाची असते. उबेसाठी बोटे झाकावीत तर काम खोळंबते आणि कामासाठी ती उघडी करावीत तर बोटेच गमावण्याची पाळी येते. हातमोज्याचा सारा इतिहास हा या दोन विरोधी दाव्यांच्या निवाड्याचा इतिहास आहे.

बोटांची ही दुर्बलता त्यांच्या घडणीतच आहे. त्यांना स्नायूंचे पाठबळ नाही, आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग फार, आणि थंडी वाढताच शरीर आपल्या गाभ्याचे रक्षण करण्यासाठी प्रथम त्यांचाच रक्तपुरवठा आखडता घेते. सर टॉमस लुइस या ब्रिटिश वैद्याने 1930 साली असे दाखवून दिले की, बर्फाच्या पाण्यात बोट धरले असता आकुंचित झालेल्या रक्तवाहिन्या काही मिनिटांनी आपोआप उघडतात व पुन्हा मिटतात; परंतु शरीरच गारठून गेले असेल तर ही सोयही बेभरवशाची ठरते. उत्तर ध्रुवाकडील लोकांनी अशा प्रयोगांची वाट पाहिली नव्हती. केवळ अंगठा निराळा आणि चारही बोटे एकाच घरात नांदणारी, असे मिटन त्यांनी शतकानुशतके वापरले. कोरड्या थंडीसाठी कॅरिबूचे कातडे, ज्याचा केस आतून पोकळ असल्याने हवा धरून ठेवतो, आणि ओल असेल तेथे सीलचे कातडे, असा त्यांचा शिरस्ता होता. नॉर्वेचा ध्रुवसंशोधक रोआल्ड आमुंडसेन 1903 ते 1905 या काळात त्यांच्यापैकी नेत्सिलिक लोकांच्या शेजारी राहिला, तेव्हा त्याने त्यांची ही विद्या आदराने आत्मसात केली.

उत्तर अटलांटिकच्या किनाऱ्यावर हीच समस्या लोकरीने सोडवली. आइसलंडचे दर्यावर्दी कोळी दोन अंगठ्यांचे मिटन वापरीत. वल्ह्याच्या घर्षणाने एक बाजू झिजली की मिटन उलटे फिरवून दुसरा अंगठा कामाला लावावयाचा, इतका साधा हिशेब त्यामागे होता. नॉर्वेच्या सेल्बू गावात मात्र उपयुक्ततेला सौंदर्याची जोड मिळाली. 1857 साली मारित एम्स्टाड ही सोळा वर्षांची मुलगी आठ पाकळ्यांच्या नक्षीचे काळे-पांढरे हातमोजे विणून चर्चला गेली, आणि पुढे त्या नक्षीने साऱ्या गावाला एक धंदा व विवाहप्रसंगी देण्याची एक भेटवस्तू मिळवून दिली.

परंतु हातमोज्याची खरी परीक्षा दक्षिण ध्रुवाच्या मुलखात झाली. कॅप्टन स्कॉटच्या 1910 सालच्या मोहिमेतील लोक आत लोकरीचे व बाहेर केसाळ कातड्याचे मोजे घालीत, आणि बाहेरची जोडी दिव्याच्या वातीच्या जाड फितीला बांधून ती फीत गळ्यात अडकवीत. हात बाहेर काढला तरी मोजा वाऱ्याच्या स्वाधीन होऊ नये, ही त्यामागची तजवीज. आता, मोजा गळ्यात असला तरी हात तो टाकून बाहेर येतोच. 1911 च्या ऐन हिवाळ्यात विल्सन व बॉवर्स या सहकाऱ्यांसह केप क्रोझिअरकडे निघालेल्या अ‍ॅप्सली चेरी-गॅरार्ड याने उणे 44 अंश सेल्सिअसच्या आसपासच्या थंडीत घसरगाड्या ओढून घेण्यासाठी दोर धरताना हात उघडे केले, आणि प्रवासाच्या आरंभीच त्याची दहाही बोटे हिमदंशाने ग्रासली. त्याच वर्षाच्या अखेरीस ध्रुवाच्या वाटेवर स्कॉटच्या तुकडीतील एडगर एव्हन्स याने घसरगाडी दुरुस्त करताना हात कापून घेतला. ती जखम भरली नाही, बोटे चिघळत गेली, आणि 17 फेब्रुवारी 1912 रोजी परतीच्या वाटेवर त्याचा अंत झाला.

उत्तुंग शिखरांवरही हीच कथा घडली. 3 जून 1950 रोजी हिमालयातील अन्नपूर्णा सर करून फ्रेंच गिर्यारोहक मोरिस एर्झोग खाली उतरत होता. मनुष्याने 8,000 मीटरांहून उंच शिखर गाठण्याची ती पहिलीच वेळ. पाठीवरची पिशवी उघडण्यासाठी त्याने हातमोजे काढून बर्फावर ठेवले, आणि त्याच्या डोळ्यांदेखत ते उतारावरून घरंगळत दृष्टिआड झाले. पिशवीत पायमोज्यांची जादा जोडी होती. हातांत चढवावयास ती पुरेशी होती. परंतु विरळ हवेने मंदावलेल्या बुद्धीला ती आठवली नाही. पुढे मोहिमेचे डॉक्टर जाक उदो यांना त्याची बोटे कापावी लागली, आणि त्या शस्त्रक्रियांचा काही भाग हिंदुस्थानातील रेल्वेच्या डब्यात उरकावा लागला. गळ्यातील फितीचे मोल एर्झोगच्या हातांनी जितके महाग दिले, तितके क्वचितच कोणी दिले असेल.

तीनच वर्षांनी, 29 मे 1953 रोजी, हिलरी आणि तेनसिंग एव्हरेस्टच्या शेवटच्या छावणीतून निघाले तेव्हा त्यांच्या हातांत रेशमी, लोकरी आणि वाऱ्याला अडवणारे अशा तीन जोड्या एकावर एक होत्या. उघडे बोट धातूला चिकटू नये म्हणून रेशीम, उबेसाठी लोकर आणि वाऱ्याच्या बंदोबस्तासाठी बाहेरचे कवच, ही वाटणी इतकी चोख आहे की पुढच्या काळाने केवळ तिचे कापड बदलले. पुढे गिर्यारोहकांत ऑस्ट्रियाचे डाखस्टाइन मिटन लोकप्रिय झाले. मापाहून मोठे विणून ते गरम पाण्यात आटवीत, आणि त्यायोगे घट्ट झालेली ती लोकर ओली झाली तरी पुष्कळ ऊब टिकवी. 1969 साली बॉब गोर याने पाणी अडवून बाष्प बाहेर सोडणारा पडदा शोधून काढल्यावर बाहेरच्या कवचाचेही रूप पालटले.

सह्याद्रीत कानटोपी आणि मफलर यांवर हिवाळा निभावून नेणारा मराठी तरुण दार्जिलिंगच्या 1954 साली स्थापन झालेल्या गिर्यारोहण संस्थेत किंवा उत्तरकाशीला प्रथम तालमीसाठी जातो, तेव्हा त्याने ही सारी वहिवाट ध्यानी घ्यावी. खरेदीच्या वेळी तो बहुधा कापडाची कीर्ती आणि किंमत विचारतो; वस्तुतः तिन्ही थर एकदम चढवून मूठ मिटते की नाही हे आधी पाहावे, कारण घट्ट मोजा रक्त अडवतो आणि अडलेले रक्त कोणत्याही लोकरीने गरम होत नाही. त्याच थरांनिशी दोराची गाठ सोडून पाहावी. ती सुटत नसेल तर बर्फावर हात उघडे पडणार हे निश्चित समजावे. लोकरी थराची एक कोरडी जोडी पिशवीत वेगळी ठेवावी, आणि ती आहे हे दाट हवेत असतानाच इतक्यांदा घोकावे की विरळ हवेतही तिचे विस्मरण होऊ नये. शेवटी, गळ्यातील त्या फितीची जागा घेणाऱ्या मनगटाच्या दोरीकडे पाहावे. साऱ्या सरंजामात तिच्याइतके स्वस्त दुसरे काही नाही, आणि म्हणूनच तिच्याशिवाय विकल्या जाणाऱ्या महागड्या जोडीला स्वतःच्या हाताने दोरी शिवून घेण्यात कोणीही कमीपणा मानू नये.