वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये खेळाडू चांगली तलवार मोडून का टाकतात?

राक्षस मारला, हिरव्या अक्षरांत नाव असलेली तलवार मिळाली आणि खेळाडूने दुसऱ्याच मिनिटाला तिची पूड करून टाकली. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन गेम पहिल्यांदा बघणाऱ्याला हा वेडेपणा वाटतो. पण आपल्याकडे जुना दागिना मोडून सोनं वेगळं करतात, तसाच हा हिशोब आहे.

ब्लिझार्ड कंपनीचा हा गेम नोव्हेंबर 2004 मध्ये आला. त्यात 'एन्चांटिंग' नावाचा व्यवसाय आहे. तो शिकलेला खेळाडू शस्त्रांवर आणि चिलखतांवर जादू चढवतो. त्यासाठी कच्चा माल लागतो आणि तो मिळतो जादूच्या वस्तू मोडून. या मोडण्याला म्हणतात डिसएन्चांट करणं.

कशातून काय निघणार हे वस्तूच्या रंगावर ठरतं. राखाडी आणि पांढऱ्या वस्तू मोडता येत नाहीत, कारण त्यांत जादूच नसते. हिरव्या वस्तूतून पूड किंवा अर्क निघतो, निळ्यातून शक्यतो तुकडा म्हणजे शार्ड आणि जांभळ्यातून क्रिस्टल. गेमच्या मूळ आवृत्तीत हिरवं चिलखत मोडलं तर बहुतेक वेळा पूड हाती लागते, हिरवं शस्त्र मोडलं तर अर्क. त्यामुळे जाणते खेळाडू बाजारात कशाला भाव आहे ते बघून मगच वस्तू मोडतात.

नवखे खेळाडू इथेच फसतात. हिरवी वस्तू दिसली की मोड, असं केलं तर कधीकधी मोठं नुकसान होतं. मूळ आवृत्तीत काही खेळाडू मुद्दाम 19व्या लेव्हलवर थांबतात आणि त्या गटातल्या लढाया जिंकण्यासाठी ठरावीक हिरव्या वस्तूंना भरपूर सोनं मोजतात. अशी वस्तू मोडली तर हातात राहते चिमूटभर पूड.

उलट काही वस्तू उचलल्या की त्या खेळाडूलाच चिकटतात. त्या दुसऱ्याला देता येत नाहीत, लिलावात विकता येत नाहीत. गेममधला दुकानदार घेतो, पण किरकोळ भावात. अशा वस्तूतून निघालेला कच्चा माल मात्र खुशाल विकता येतो. म्हणजे मोडणं हा न विकता येणाऱ्या गोष्टीचे पैसे करण्याचा रस्ता आहे.

आणि पैसे आले की भांडणं आली. पाच जणांनी मिळून मोहीम मारली आणि कुणालाच नको असलेली निळी वस्तू मिळाली, तर ती एन्चांटरकडे देत. तो मोडणार आणि तुकडे सगळ्यांत वाटणार, असा नुसता विश्वासाचा मामला. तुकडे घेऊन पसार होणारेही भेटत, त्यांना 'निन्जा' म्हणतात. डिसेंबर 2009 च्या 3.3 पॅचमध्ये लूट वाटण्याच्या खिडकीतच 'डिसएन्चांट'चं बटण आलं. गटात पुरेसं कौशल्य असलेला एन्चांटर असला की वस्तू आपोआप मोडून जिंकणाऱ्याला थेट माल मिळू लागला.

गेम बनवणाऱ्यांचाही यात फायदा आहे. राक्षस मरून पुन्हा जिवंत होतात, त्यामुळे लूट कधी संपत नाही. ती सगळी दुकानदाराला विकली तर दरवेळी नवं सोनं तयार होतं आणि महागाई वाढते. वस्तू मोडली तर ती जगातून नाहीशी होते आणि नवं सोनंही छापलं जात नाही.

2012 मध्ये आलेल्या गिल्ड वॉर्स 2 ने तर ही सोय सगळ्यांनाच दिली. तिथे व्यवसाय शिकावा लागत नाही, 'साल्व्हेज किट' विकत घेतलं की झालं. किट भारी असेल तर दुर्मीळ माल निघण्याची शक्यता जास्त. त्या गेममध्ये 68व्या लेव्हलपासून पुढच्या पिवळ्या वस्तूंतून 'एक्टोप्लाझम'चे गोळे निघू शकतात. म्हणून काही जण बाजारातून अशा वस्तू स्वस्तात उचलतात, त्या फक्त मोडण्यासाठी. कधी एका वस्तूतून दोन-तीन गोळे निघतात, कधी एकही नाही.