जिल्ह्याहून वडील मोटार

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम जिल्हा निराळा झाला व पुढे त्याच्या वाहनांस 'एमएच-३७' ही खूण मिळाली. तत्पूर्वी अकोल्यास नोंदलेली मारुती व्हॅन मात्र 'एमएच-३०' हाच शिक्का बाळगून आहे. ती आपल्या जिल्ह्याहून वडील होय!

ही गाडी १९८४ साली आली. १९८८ साली तिला 'ऑम्नी' हे नाव मिळाले. ७९६ घनसेंटीमीटरांचे तिचे इंजिन पुढील आसनाखाली असते. आसन उचलावे की प्लग मिस्त्रीच्या हाती! म्हणूनच रिसोड, कारंजा, मंगरूळपीर अशा गावींही तिची डागडुजी सुलभ झाली. पंधरा वर्षांनंतर मात्र दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करावी लागते. २०२२ साली त्याचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले. वीस वर्षांवरील मोटारींस ते पुढे आणखी वाढले.

परंतु खरा प्रश्न खर्चाचा नव्हे. इंजिन आसनाखाली गेल्यामुळे चालकाच्या गुडघ्यांपुढे पत्र्याखेरीज फारसे काही उरले नाही. नवे सुरक्षानियम येताच २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. ज्या रचनेने दुरुस्ती सोपी केली, तिनेच धडकेचे भय वाढविले. मिस्त्री इंजिनाचे आयुष्य वाढवू शकतो. रचनेतील उणीव त्यास भरून काढता येत नाही. जुनी गाडी जपणाऱ्या कुटुंबाने हा भेद विसरू नये.