बर्फावरची गाडी आणि काळ्या रानातला चिखल

येत्या फेब्रुवारीत आम्ही घरचे पाच जण मंद्रूपहून गुलमर्गला जायचं ठरवतो आहोत. मी ही बातमी पारावर सांगितली तेव्हा एक जण म्हणाला, "गुरुजी, बर्फच बघायचाय तर स्टँडसमोर गोळेवाला आहे की!" घरी मंडळींचं मत आणखी स्पष्ट होतं. "अहो, एवढ्या पैशात रानात एक बोअर झालं असतं." बोलणं खोटं नव्हतं. पण नात आठवीत आहे, आणि तिनं कुठंतरी चित्रात पाहिलेली बर्फावरची स्कूटर तिच्या डोक्यात बसली आहे. "आबा, मला स्नो स्कूटरवर बसायचं आहे आणि तुम्ही माझ्या मागं बसायचं," असा तिचा हुकूम. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला नातीचा हुकूम मोडता येत नाही.

आमच्या दक्षिण सोलापूर तालुक्यात बर्फाशी ओळख ती किती असणार? सोलापूरहून विजयपूरच्या रस्त्यानं निघालं, वडकबाळला सीना ओलांडली, की पुढं मंद्रूप. सगळा ज्वारीचा मुलूख. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि तिथंच मुक्काम करतो. आभाळातून पडणारा बर्फ आम्हाला ठाऊक आहे तो गारांच्या रूपात, आणि त्याची आठवण काही चांगली नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीनं उभी पिकं आणि फळबागा झोडपून काढल्या, ते अजून कुणी विसरलेलं नाही. खायचा बर्फसुद्धा या मुलखाला परकाच. १८३० च्या दशकात मुंबईला पहिल्यांदा बर्फ आला तो अमेरिकेहून, लाकडाच्या भुशात गुंडाळून, जहाजातून. थंडगार पदार्थ म्हणजे मोठ्या शेठजींच्या मेजवानीतली अपूर्वाई होती. तोच बर्फ आज गोळ्याच्या गाडीवर मिळतो. चैन खाली उतरत उतरत सर्वांपर्यंत येते, असा इतिहासाचा एक नियमच दिसतो. पण कधी कधी उलटंही होतं. गरजेची वस्तू चैनीची होते. आजची गोष्ट त्याबद्दल आहे.

आधी बेताचं सांगतो, कारण आमच्यासारखे पहिल्यांदाच निघणारे पुष्कळ असतील. बर्फावरची स्कूटर आपल्या देशात पर्यटकांना मुख्यतः दोन ठिकाणी मिळते. एक मनालीजवळचं सोलंग आणि दुसरं काश्मीरमधलं गुलमर्ग. रोहतांग खिंडीचं नाव आपल्याकडं जास्त प्रसिद्ध, पण ती खिंड जवळजवळ चार हजार मीटर उंच, हिवाळ्यात बंद असते. शिवाय तिथल्या बर्फावर धूर आणि काजळी फार साचू लागली म्हणून राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ मध्ये तिकडं रोज जाणाऱ्या गाड्यांच्या संख्येवर मर्यादा घातली. गुलमर्गची उंची सुमारे २,६५० मीटर. माझ्या वयाला ती झेपेल असं डॉक्टरांनी सांगितलं.

काश्मीर म्हटल्यावर घरात दोन दिवस शांतता होती. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला जे घडलं, त्यात महाराष्ट्रातलेही सहा जण गेले. ते आठवून सुनेचा जीव धजत नव्हता. शेवटी असं ठरलं की तिकिटं रद्द करता येतील अशीच काढायची, निघण्याआधी चौकशी करायची, आणि मन खाईल तर सोलंग गाठायचं.

महिना कोणता? काश्मिरी लोक कडाक्याच्या थंडीच्या चाळीस दिवसांना 'चिल्लई कलान' म्हणतात. २१ डिसेंबरपासून जानेवारीअखेरपर्यंत. बर्फ तेव्हा पडावा अशी रीत. पण आता निसर्गही रीत पाळत नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग जवळजवळ कोरडं होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्फ नाही म्हणून तिथल्या हिवाळी क्रीडास्पर्धा मार्चपर्यंत पुढं ढकलाव्या लागल्या. पावसाची वाट बघण्यात आमचा जन्म गेला. आता बर्फाचीही वाट बघायची आहे. म्हणून फेब्रुवारीचा मध्य धरला आहे. सोलापूरहून कर्नाटक एक्सप्रेसनं दिल्ली, पुढं जम्मूकडं. जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरला थेट रेल्वे सुरू झाली आहे. चिनाब नदीच्या पात्रापासून ३५९ मीटर उंचीवरचा तो पूल ओलांडायचा, हा माझा स्वतःचा हट्ट.

तर अशी यादी करत बसलो असताना, इतिहासाच्या मास्तराची खोड, म्हटलं ही स्कूटर आली कुठून ते बघू. नातीला वाटेत सांगता येईल.

कॅनडात क्वेबेक नावाचा प्रांत आहे. तिथल्या वालकूर या लहान गावी १९०७ साली जोसेफ-आर्मां बोंबार्दिए जन्मला. लहानपणापासून यंत्रांचं वेड. पंधराव्या वर्षी, १९२२ च्या शेवटच्या दिवशी, त्यानं जुन्या फोर्ड गाडीचं इंजिन घसरगाडीवर बसवलं, मागं विमानासारखा पंखा लावला आणि गावातून फिरवून आणलं. पुढं त्यानं मोटारदुरुस्तीचं गॅरेज काढलं. त्या मुलखात हिवाळ्यात रस्ते हातभर, पुरुषभर बर्फाखाली जात. मोटारी थंडीभर ठोकळ्यांवर चढवून ठेवत. माणसं घोड्यांच्या घसरगाड्यांनी कशीबशी जात-येत. बर्फावर चालणारी मोटार करायची, या ध्यासानं तो हिवाळ्यामागून हिवाळे खटपट करत होता.

१९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. अपेंडिक्स. तातडीनं इस्पितळात न्यायला हवं होतं. रस्ता बर्फानं बंद. गॅरेजमधलं यंत्र अजून अर्धवट, चालण्याजोगं नव्हतं. मूल गेलं.

मंडळी, इथं मी वाचायचं थांबलो. उठून बाहेर ओसरीवर जाऊन बसलो.

कारण ही गोष्ट मला ठाऊक होती. फक्त तिच्यात बर्फ नव्हता, चिखल होता.

साल १९६१. आम्ही तेव्हा गावात नव्हे, मंद्रूपपासून तीन मैलांवर रानातल्या वस्तीवर राहत होतो. मी सात वर्षांचा, धाकटा भाऊ चार वर्षांचा. श्रावणातली झड लागली होती. त्याचा घसा सुजला, श्वास घरघरू लागला. तो घटसर्प होता, हे पुष्कळ वर्षांनी एका डॉक्टरांनी माझं वर्णन ऐकून सांगितलं. सोलापूरला न्यायला हवं, एवढं मात्र वडिलांना त्या दिवशीच कळलं होतं. काळी जमीन ज्यांनी पावसात तुडवली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. उन्हाळ्यात तिला पाय जाईल एवढ्या भेगा, आणि पावसात तीच लोण्यासारखी. बैलगाडीचं लोखंडी धावेचं चाक तुंब्यापर्यंत रुतलं. बैल गुडघ्यांवर बसले. वडिलांनी गाडी तिथंच सोडली, पोराला घोंगडीत गुंडाळलं, खांद्यावर घेतलं आणि चालू लागले. एकेका पायाला पाच पाच शेर चिखल. ओढा ओलांडून गावच्या रस्त्याला लागेपर्यंत सारं संपलं होतं. महामार्गावर मोटारी धावत होत्या. तिथं पोचायला फक्त तीन मैल कमी पडले.

मी पुन्हा आत येऊन पुढचं वाचलं. बोंबार्दिए दुःखात बुडून बसला नाही. वर्षभरात त्याला युक्ती सापडली. रुतण्याचं कारण त्याच्या बर्फात आणि आमच्या चिखलात एकच. अरुंद चाकावर सगळं ओझं येतं आणि चाक खाली जातं. त्यानं मागची चाकं रबराच्या रुंद पट्ट्यात गुंफली. रबर चढवलेलं दातेरी चक्र तो पट्टा फिरवी, त्यामुळं ओझं पसरे. पुढं चाकांऐवजी वळायला घसरपट्ट्या. १९३७ साली त्याला या रचनेचं पेटंट मिळालं आणि सात माणसं बसतील अशी बंद गाडी बाजारात आली. पुढं बारा जणांची आली. ती कुणी घेतली? डॉक्टरांनी, टपाल पोचवणाऱ्यांनी, पाद्र्यांनी. कुणी तिची रुग्णवाहिका केली, कुणी शाळेची गाडी. मौजेचं त्यात काही नव्हतं.

मग ती खेळणं कशी झाली? उत्तर गमतीचं आहे. १९४८ नंतर क्वेबेकच्या सरकारनं खेड्यांतले रस्ते हिवाळ्यातही साफ ठेवायला सुरुवात केली. साध्या मोटारी बारा महिने धावू लागल्या. बोंबार्दिएच्या मोठ्या गाड्यांची गरज संपत आली. त्यानं मग दुसऱ्या कामांची यंत्रं केली, आणि १९५९ साली एक-दोघांनी बसायची छोटी, हलकी गाडी काढली. तिचं नाव 'स्की-डू'. ही शिकाऱ्यांच्या, दूरच्या वस्त्यांवर काम करणाऱ्या पाद्र्यांच्या उपयोगी पडेल, असा त्याचा हिशेब. पहिल्या हंगामात सव्वादोनशेच्या आसपास गाड्या खपल्या. पण लोकांना तिच्यावर बसून नुसतं भटकण्यातच मजा येऊ लागली. १९६४ मध्ये तो वारला. चार वर्षांनी, १९६८ च्या एप्रिलमध्ये, राल्फ प्लेस्टेड नावाचा विमा विकणारा एक अमेरिकन गृहस्थ साथीदारांसह असल्याच गाड्यांवरून थेट उत्तर ध्रुवावर जाऊन पोचला!

म्हणजे बघा, रस्ता झाला म्हणून गाडी मौजेची झाली. तसाच आमचाही रस्ता झाला, पण तो फार निराळ्या तऱ्हेनं. १९७२ चा दुष्काळ पडला. रानात काडी नव्हती. सरकारनं दुष्काळी कामं काढली. खडी फोडायची, रस्ते बांधायचे, तळी खोदायची. आमच्या वस्तीच्या वाटेवरही मुरूम आणि खडी पडली. ती फोडायला वडील आणि आई दोघंही होते. सुकडी खाऊन दिवसभर खडी फोडायची, ढीग मोजून मजुरी घ्यायची. इतिहासाच्या पुस्तकात दुष्काळ म्हणजे मेलेली जनावरं आणि रिकाम्या विहिरी असतात, आणि ते खरंच आहे. पण महाराष्ट्रातल्या कितीतरी वस्त्यांना पहिला रस्ता त्याच वर्षी मिळाला, हेही त्यात लिहायला हवं.

आई आता नव्वदीच्या पुढं आहे. ऐकू कमी येतं, पण आठवण लख्ख. बोंबार्दिएची गोष्ट मी तिला जवळ बसून मोठ्यानं सांगितली. धाकट्याचं नाव आमच्या घरात साठ वर्षं कुणी घेत नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या माणसाला गाडी करता आली. तुझ्या बापानं खडी फोडली. त्या रस्त्यावर हरेक खडी टाकताना तो त्या पोराचं नाव घ्यायचा, मला ऐकू यायचं." एवढं बोलून तिनं तोंड फिरवलं. मला हे ठाऊक नव्हतं. त्या रस्त्यानं मी शाळेत शिकवायला तीस वर्षं सायकलनं गेलो.

ही गाडी आजही सगळीकडं खेळणं झालेली नाही. १९८४ पासून आपलं सैन्य सियाचीन हिमनदीवर पहारा देतं आहे. तिथं सामान पोचवायला, जखमी जवानाला खाली आणायला स्नो स्कूटर लागते. त्या पहाऱ्यात महाराष्ट्रातलीही पोरं असतात. गुलमर्गच्या उतारावर नात जेव्हा हौसेनं ओरडेल, तेव्हा तिला हेही सांगायचं ठरवलं आहे. दटावण्यासाठी नव्हे. आपण कशावर बसलो आहोत ते ठाऊक असलं की मजा कमी होत नाही, उलट वाढते.

आता आमची तयारी ऐका. मोठे कोट आणि गमबूट विकत घ्यायचे नाहीत, टंगमर्गला भाड्यानं मिळतात. गुलमर्गच्या अलीकडचं हे गाव. तिथून वर चढताना गाडीच्या चाकांना साखळ्या लावतात. बसण्याआधी स्कूटरवाल्याशी दर आणि अंतर पक्कं बोलून घ्यायचं. डोक्याला हेल्मेट. पदर, ओढणी, मफलर आत खोचून घ्यायचं, कारण लोंबतं कापड फिरत्या पट्ट्यात गेलं तर अनर्थ होईल. हे मंडळींना तीनदा सांगून झालं आहे. लेकरांना एकटं बसवायचं नाही, चालवायला तिथला माहीतगार माणूसच हवा. शिदोरीला ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. दोन्ही आठ दिवस टिकतात. काश्मीरची माणसं फेरनच्या आत कांगडी धरून ऊब घेतात. मी माझी घोंगडी नेणार आहे. तिची ऊब काही कमी नाही.

बोअरचं काय, असं तुम्ही विचाराल. बोअर पुढच्या वर्षी. मंडळींनीच तसं सांगितलं. आईची गोष्ट त्यांनी चुलीपाशी बसून ऐकली होती. दुसऱ्या दिवशी पेटी उघडून जपून ठेवलेले पैसे माझ्यापुढं ठेवले आणि म्हणाल्या, "जाऊन या म्हणजे झालं. सगळ्यांनी जाऊ."

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला महापूर आला. वडकबाळजवळ पाणी चढलं आणि सोलापूर-विजयपूर महामार्गच बंद ठेवावा लागला. त्या रात्री आमच्या वस्तीच्या रस्त्यावर कुठं खचलंय का, हे बघायला मी बॅटरी घेऊन निघालो. खडी जागेवर होती. वडिलांनी फोडलेली असेल, आईनं फोडलेली असेल. तिच्यावर आता डांबर आहे, दिसत नाही. पण गुलमर्गला जायला आम्ही घरून निघू ते त्याच रस्त्यानं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)