कोष्टकातील अपपाठ

लॅपटॉप सुरू होताना लिनक्सचा कर्नेल जी नोंदवही लिहीत जातो, तिच्यात काही यंत्रांवर एक वाक्य उमटते : यूएसबी पोर्टांचे वीजनियमन कदाचित भरवशाचे नसेल. आमच्या लॅपटॉपवर हे वाक्य प्रथम वाचले तेव्हा पोर्टच बिघडल्याची आमची खात्री झाली. केबल बदलली, पेनड्राइव्ह या पोर्टातून त्या पोर्टात लावून पाहिले. सर्व सुरळीत चालत होते. दोष यंत्रात नव्हता, मजकुरात होता. आणि दोष मजकुराचा असेल तर साहित्याच्या अभ्यासकांचाही त्याच्याशी संबंध पोहोचतो, म्हणून हा प्रपंच.

हा मजकूर म्हणजे एसीपीआयची कोष्टके. निर्माता ती फर्मवेअरमध्ये लिहून ठेवतो व ऑपरेटिंग सिस्टीम सुरू होताच ती वाचते. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी डिसेंबर १९९६मध्ये या प्रमाणकाची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. तोवर वीज वाचवण्याचा कारभार बहुतांशी बायॉस परस्पर पाहत असे. आता यंत्राने स्वतःचे वर्णन लिहून द्यावे आणि निर्णय ऑपरेटिंग सिस्टीमने घ्यावा, अशी वाटणी झाली. २००४च्या तिसऱ्या आवृत्तीत पोर्टाच्या जागेचेही वर्णन आले : ते डाव्या अंगाला आहे की मागे, वापरणाऱ्यास दिसते की आत दडलेले आहे, आकार कोणता, इतकेच काय, रंग कोणता!

यूएसबी ३ आल्यावर या वर्णनाला वजन आले. बाहेरून एकच दिसणारे पोर्ट आतून दोन असतात, एक जुन्या गतीचे व एक नव्या. वीज मात्र सामायिक. एकाची वीज तोडायची तर त्याचा जोडीदार कोण, हे ठाऊक हवे. २०१४मध्ये कर्नेल ही जोडी कोष्टकातील जागेवरून जुळवू लागला : ज्यांचा पत्ता एक, ते जोडीदार. पण अनेक पोर्टांना एकच पत्ता दिलेला असेल तर? पहिली जोडी लागते. पुढच्या पोर्टाला जोडीदार शोधावा, तर तो आधीच दुसऱ्याचा झालेला! मग कर्नेल एकदाच इशारा लिहितो आणि पोर्टांची वीज तोडण्याचा नादच सोडतो. माहितीची ने-आण चालूच राहते. तोटा होतो तो विजेच्या बचतीचा.

निदान करायचे तर एसीपीआयडंप या साधनाने कोष्टके बाहेर काढावीत, आयएएसएलने ती वाचनीय भाषेत उलगडावीत आणि पीएलडी या नावाखालच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहाव्यात. हस्तलिखितांचे पाठ जुळवणाऱ्यास हे काम परके वाटणार नाही. आमच्या यंत्राच्या नोंदी अक्षरशः एकसारख्या निघाल्या. प्रत्यक्षात डावीकडे दोन आणि उजवीकडे एक पोर्ट आहे. लेखनिकाने एक ओळ लिहिली आणि तीच खाली उतरवत नेली, असे दिसते.

असा अपपाठ टिकतो कसा? जानेवारी १९९९मध्ये बिल गेट्स यांनी सहकाऱ्यांना पाठवलेल्या ई-पत्रात, एसीपीआयचे विस्तार विंडोजपुरते राखता येतील काय, असा विचार मांडला होता. पुढे आयोवा राज्यातील खटल्यात ते पत्र उजेडात आले. तरीही आमच्या नोंदींमागे कट शोधण्याचे कारण नाही. मजकूर विंडोजने वाचला, तिला अडले नाही, म्हणजे तो शुद्ध, एवढी साधी कसोटी पुरते. लिनक्सचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. कोष्टके वाचकाला त्याचे नाव विचारू शकतात. प्रारंभी लिनक्सने आपले खरे नाव सांगितले. तेव्हा कोणीच न तपासलेल्या वाटा उघडल्या आणि यंत्रे अडखळू लागली. म्हणून तो विंडोज एनटीचे नाव सांगू लागला. पुढे ‘तू लिनक्स आहेस काय?’ या प्रश्नालाही होकार देणे त्याने २००७च्या २.६.२३ या आवृत्तीपासून थांबवले. कारण त्या होकाराच्या आधारे निर्माते एखाद्या आवृत्तीपुरती डागडुजी फर्मवेअरमध्ये कोरून ठेवत आणि पुढच्या आवृत्तीला ती बाधे.

दुरुस्तीचा सरळ मार्ग निर्मात्याच्या नव्या फर्मवेअरचा. सुधारलेले कोष्टक आरंभीच कर्नेलच्या हाती देण्याची सोयही आहे. ती आम्ही अद्याप वापरलेली नाही. इशारा रोज सकाळी उमटतो.