खोरिपा : एका गटाचा इतिहास

आपल्या विहारात पौर्णिमेच्या वंदनेला बसणाऱ्या घरांत कोणी खोरिपाचे, कोणी गवई गटाचे, कोणी कवाडे सरांचे, तर कोणी बसपाचे. पंचशील सगळे एका सुरात म्हणतात. निवडणूक आली की मात्र एकाच गल्लीत चार झेंडे! आजच्या पोरांना विचारले, "खोरिपा म्हणजे काय रे?" तर ती गप्प बसतात. म्हणून वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत तो इतिहास थोडक्यात मांडावा, असे आम्हास वाटले.

खोरिपा म्हणजे रिपब्लिकन पक्षाचा खोब्रागडे गट. मूळ पक्षाची कल्पना प. पू. बाबासाहेबांची. १९५४ साली त्यांनी भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढविली. तेव्हा गोंदिया व आपला कुडवा भंडारा जिल्ह्यातच होता. गोंदिया जिल्हा झाला तो १९९९ ला. त्या निवडणुकीत बाबासाहेब पडले. एकट्या समाजाच्या मतांवर निवडून येता येत नाही, हा त्या पराभवाचा धडा होता. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या जागी सर्वांना खुला असा पक्ष उभारावा, असे त्यांनी ठरविले होते. पण ६ डिसेंबर १९५६ ला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. पुढे ३ ऑक्टोबर १९५७ ला अनुयायांनी नागपुरात भारतीय रिपब्लिकन पक्ष स्थापन केला. एन. शिवराज पहिले अध्यक्ष झाले.

दोनच वर्षांत, १९५९ ला, बी. सी. कांबळे वेगळे झाले. लोक 'दुरुस्त' आणि 'नादुरुस्त' अशी नावे घेऊ लागले. तरी पक्षात दम होता. १९६४ च्या ६ डिसेंबरपासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. बायाबापड्यांसह हजारो माणसे तुरुंगात गेली.

मग प्रश्न आला काँग्रेसचा. १९६७ ला दादासाहेबांनी काँग्रेसशी समझोता केला. सत्तेत थोडा वाटा मिळेल, गावातला जाच कमी होईल, असे काहींना वाटले. मोठ्या पक्षाच्या सावलीत आपले झाड वाढणार नाही, असे दुसऱ्यांचे म्हणणे. पुढे नेतृत्वाचा वादही पेटला आणि १९७० ला एका बाजूस रा. सू. गवई, दुसऱ्या बाजूस बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे अशी फूट पडली. राजाभाऊ आपल्या विदर्भाचे, चांद्याचे. १६ ऑक्टोबर १९५६ च्या चंद्रपूरच्या धम्मदीक्षा सोहळ्यासाठी ते झटले होते. फूट पडली तेव्हा ते राज्यसभेचे उपसभापती होते.

खोरिपाचा मोठा दिवस आला १९७७ ला. आणीबाणीनंतरच्या काँग्रेसविरोधी लाटेत या गटाचे दोन खासदार निवडून आले. बुलढाण्यातून दौलत गुणाजी गवई, आणि आपल्या शेजारच्या बालाघाटमधून कचरूलाल हेमराज जैन. गोंदियाहून छोट्या लाइनच्या गाडीने जायचे, ते बालाघाट! तिथे खोब्रागडे गटाचा उमेदवार एक जैन गृहस्थ होता आणि तो निवडून आला. सर्वांचा पक्ष म्हणजे काय, हे इथे एकदा तरी दिसले. पण ते टिकले नाही. १९८४ ला राजाभाऊ गेले. त्याच वर्षी १४ एप्रिलला बसपा स्थापन झाली, आणि एकेकाळचे आपले हत्ती चिन्ह पुढे तिच्याकडे गेले.

१९९८ ला गट एकत्र आले, तर महाराष्ट्रातून चौघे लोकसभेत गेले. अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे, उत्तर-मध्य मुंबईतून रामदास आठवले. चारही जागा खुल्या! वर्षभरातच पुन्हा सवते सुभे झाले.

यात कोणा एकाला दोष द्यावा म्हणून आम्ही लिहिले नाही. खोरिपावाल्यांचा स्वाभिमान खरा होता, आणि समझोता करणाऱ्यांची अडचणही खोटी नव्हती. पण बाप कोणत्या गटात होता एवढेच मुलाला माहीत असावे, आणि भांडण कशावरून झाले हे माहीत नसावे, हे बरे नाही. गट कोणताही असो, मुलांना हे घरी बसवून सांगा. घरातल्या बुढ्यांना विचारा, त्यांच्या आठवणी वहीत लिहून घ्या. ती वही आपल्या विहाराच्या कपाटात सगळ्यांसाठी राहील.

जयभीम! नमो बुद्धाय!